इलेक्ट्रिक गिटारवर लॉकिंग ट्रेमोलो बसवताना

ट्रेमोलो म्हणजे दांडीने हलवून तारांचा स्वर चढवता-उतरवता येणारा ब्रिज, अर्थात बॉडीवरचा तारांचा आधार. लॉकिंग ट्रेमोलोमध्ये प्रत्येक तार दोन ठिकाणी आवळलेली असते, एकदा ब्रिजवरच्या सॅडलमध्ये (तार जेथे टेकते तो सुटा भाग) आणि एकदा नटपाशी (नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, टोकाची तारांना आधार देणारी आडवी पट्टी). दांडी कितीही दाबली किंवा ओढली तरी तारेचा या दोन पकडींच्या मधलाच भाग सैल होतो किंवा ताणला जातो. खुंटीवरचे वेढे आणि नटाच्या खाचेतील घर्षण यांचा त्याच्याशी संबंधच उरत नाही, म्हणून दांडी सोडल्यावर तार मूळ स्वरावर येते. फ्लॉइड रोझ यांनी 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात ही रचना केली आणि 1979 साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. सुरुवातीच्या ब्रिजवर बारीक स्वर लावण्याचे स्क्रू नव्हते, त्यामुळे एखादी तार जराशी उतरली तरी नट उघडावा लागत असे. ते स्क्रू नंतरच्या सुधारणेत आले.

हे काम वरवर सुटे भाग बदलण्यासारखे दिसते, पण प्रत्यक्षात ते सुतारकाम आहे, आणि त्यातील दोन जागा एकदा कापल्या की मागे फिरता येत नाही: नटाची बैठक आणि स्टडची, म्हणजे ब्रिज ज्यांवर टेकून डोलतो त्या दोन जाड स्क्रूंची, भोके. बाकी जवळजवळ सर्व चुका स्क्रू फिरवून सुधारता येतात. म्हणूनच निम्म्याहून अधिक वेळ मोजमापाला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी गिटार या कामाला योग्य आहे का ते पाहावे. नेक स्क्रूने जोडलेला असेल तर काम सोपे जाते, कारण नेक काढून बॉडी टेबलावर सपाट ठेवता येते आणि गरज पडल्यास नेकच्या बुडाशी पातळ पाचर घालून त्याचा कोन बदलता येतो. चिकटवलेल्या नेकच्या, कमानदार बॉडीच्या गिटारवरही हा ब्रिज बसतो, परंतु तेथे पहिला प्रयोग करू नये. बॉडीची जाडी आणि ब्रिजखालील जड ठोकळ्याची उंची एकमेकांशी जुळली पाहिजे. हे ठोकळे वेगवेगळ्या उंचीचे मिळतात, आणि जास्त उंच ठोकळा घेतला तर तो मागच्या झाकणाबाहेर डोकावतो. ट्रस रॉडचे (नेकचा बाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या धातूच्या सळईचे) तोंड हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाच्या, बाजूला असेल तर नवा नट त्यावर येतो का हेही तपासावे. नेकमधला बाक आधीच नीट करून घ्यावा, कारण पुढची सर्व उंची त्यावरून ठरते.

नट विकत घेताना त्याची रुंदी आणि वरची गोलाई फिंगरबोर्डशी, म्हणजे नेकच्या बोटे दाबायच्या पृष्ठभागाशी, जुळणारी असावी. जुना नट अलगद ठोकून काढल्यावर त्याच्या जागी सपाट बैठक कापायची असते. तार जेथून सुटते ती नव्या नटाची पुढची कड जुन्या नटाच्या पुढच्या कडेच्या जागीच आली पाहिजे, म्हणजे बैठक केवळ हेडस्टॉकच्या दिशेने वाढवायची, फिंगरबोर्डच्या दिशेने एक केसभरही नाही. ती कड पुढे सरकली तर पहिल्या काही फ्रेटवरचे (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवरचे) स्वर कायमचे बेसूर होतात आणि ब्रिजवर कितीही जुळवाजुळव केली तरी ते दुरुस्त होत नाहीत. खोली ठरवताना बैठक थोडी उंच ठेवून सुरुवात करावी आणि पटाशी व सपाट कानशीने थोडी थोडी उतरवत न्यावी. तार दुसऱ्या व तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबली असता पहिल्या फ्रेटवर जेमतेम दिसेल इतकी फट राहिली, की थांबावे. बैठक खोल गेली असेल तर नटाखाली पितळेची पातळ पट्टी घालता येते. नट आवळण्याचे दोन प्रकार आहेत: मागून नेकमधून आरपार जाणारे बोल्ट किंवा वरून लाकडात जाणारे स्क्रू. आरपार बोल्टची पकड अधिक पक्की असते, मात्र नेकच्या सर्वांत बारीक भागात दोन भोके पडतात, म्हणून सडपातळ नेकवर मी वरून बसणारा नटच निवडेन.

आता स्टडच्या जागेकडे वळू. नटाच्या पुढच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून त्याची दुप्पट करावी. ही गिटारची स्केल लांबी होय, जी अनेक गिटारवर 648 मिलिमीटरच्या आसपास किंवा 628 मिलिमीटरच्या आसपास असते. सर्वांत बारीक तारेचे सॅडल या अंतरावर आले असता ते आपल्या सरकण्याच्या मर्यादेच्या पुढच्या भागात असावे, कारण बाकीच्या तारांची सॅडल त्यामागेच जाणार असतात. मूळ फ्लॉइड रोझ ब्रिजच्या दोन स्टडमधील अंतर 74.3 मिलिमीटर आहे, पण इतर कंपन्यांच्या ब्रिजमध्ये ते वेगळे असते, त्यामुळे हातातला ब्रिज व्हर्नियर कॅलिपरने मोजावा आणि कंपनीच्या नकाशाशी ताडून पाहावा. मधली रेषा बॉडीच्या सांध्यावरून काढू नये. नेक जागेवर बसवून नटापासून ब्रिजपर्यंत दोन्ही बाहेरच्या तारांच्या जागी दोरे ताणावेत आणि फिंगरबोर्डच्या दोन्ही कडांपासून ते सारख्या अंतरावर येतील तेव्हाच खुणा कराव्यात. खुणा मास्किंग टेपवर केल्या तर त्या स्पष्ट दिसतात आणि पॉलिशही उखडत नाही.

ब्रिजखालचा ठोकळा आणि स्प्रिंग यांच्यासाठी बॉडीत पोकळी लागते. ती कापण्यासाठी राउटर (लाकूड कोरणारे यंत्र), बेअरिंग असलेले पाते आणि त्या ब्रिजसाठी तयार केलेला साचा वापरावा. साचा दुहेरी टेपने चिकटवून शिवाय क्लॅम्पने आवळावा. साचा एकदा सरकला तर बॉडीचे नुकसान होते. एका खेपेत तीन-चार मिलिमीटरपेक्षा खोल कापू नये आणि पोकळीच्या आतून कापताना राउटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने न्यावा, म्हणजे पाते लाकडाला धरून राहते. डोळ्यांवर गॉगल आणि नाकावर मास्क असल्याशिवाय राउटर सुरूच करू नये. दांडी वरही ओढायची असेल तर ब्रिजच्या पाठीमागे उथळ खळगा लागतो. केवळ खाली दाबायची असेल तर ब्रिज बॉडीवर टेकवून बसवता येतो आणि लाकूड कमी जाते. जुन्या ब्रिजची भोके कठीण लाकडाच्या खुंट्यांनी व लाकडाच्या गोंदाने भरून, पूर्ण वाळल्यावरच पुढचे काम हाती घ्यावे. स्टडची भोके स्टँडवरच्या ड्रिलने, बॉडीला अगदी काटकोनात पाडावीत. तारांचा ताण कमी नसतो: 648 मिलिमीटर स्केलवर 9 ते 42 मापाच्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) तारांचा एकूण ताण सुमारे 38 किलो होतो आणि 10 ते 46च्या तारांचा 47 किलोच्या आसपास जातो. हा सारा ताण दोन स्टडवर येतो, म्हणून त्यांचे धातूचे बूच भोकात घट्ट बसले पाहिजेत. भोकाची वरची कड अगदी किंचित उतरती केली तर बूच ठोकताना पॉलिशचे तुकडे उडत नाहीत.

मागच्या पोकळीत स्प्रिंगचा आकडा (स्प्रिंगची टोके ज्यात अडकतात ती धातूची पट्टी) दोन लांब स्क्रूंनी बसवून अर्थची तार त्याला सोल्डर करावी. आकडा जाड असल्याने लहान सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. सुरुवातीला तीन स्प्रिंग पुरेत. तारांचे गोल टोक पक्कडीने कापून तार सॅडलमधील लहान ठोकळ्याच्या मधोमध घालावी आणि मागचा स्क्रू अ‍ॅलन चावीने आवळावा, पण जोर लावू नये, कारण तो ठोकळा तडकतो.

यानंतरचे काम सर्वांत चिकाटीचे, आणि बहुतेकांची चिडचिड याच टप्प्यावर होते. ब्रिज तराजूच्या काट्यासारखा असतो: एका बाजूला तारा, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग. एक तार चढवली की ब्रिज पुढे झुकतो आणि आधी लावलेल्या तारा उतरतात. यावर सोपा उपाय असा, की ब्रिजची पाटी बॉडीला समांतर असताना जड ठोकळा आणि पोकळीची शेपटाकडील भिंत यांच्यामध्ये लाकडाचा मापात कापलेला तुकडा घालावा आणि स्प्रिंग जराशा सैल ठेवाव्यात. ब्रिज आता हलत नाही, त्यामुळे बारीक स्वराचे स्क्रू मध्यावर ठेवून सर्व तारा खुंट्यांनी शांतपणे स्वरात आणता येतात. मग आकड्याचे दोन्ही स्क्रू थोडे थोडे आवळत जावे. ज्या क्षणी लाकडाचा तुकडा आपोआप सुटा होतो, त्या क्षणी दोन्ही बाजू तुल्यबळ झालेल्या असतात.

तारांची उंची स्टड फिरवून बदलते, परंतु तारा ताणलेल्या असताना स्टड फिरवू नयेत. ब्रिजची चाकूसारखी धार स्टडवर घासून बोथट होते आणि मग ब्रिज नेमक्या जागी परत येत नाही. बाराव्या फ्रेटवर बारीक तारेखाली दीड आणि जाड तारेखाली दोन मिलिमीटर ही सुरुवातीसाठी सोयीची मापे आहेत. त्यानंतर सप्तक तपासावे: बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर त्याच जागच्या हार्मोनिकपेक्षा (तारेला नुसता स्पर्श करून काढलेल्या स्वरापेक्षा) चढा आला तर सॅडल मागे, उतरता आला तर पुढे घ्यावे. या ब्रिजमध्ये त्यासाठी बहुधा वेगळा स्क्रू नसतो. तार सैल करून सॅडल पकडणारा स्क्रू ढिला करायचा आणि ते हाताने सरकवायचे. कंटाळवाणे काम आहे, पण एकदाच करावे लागते.

नट आवळण्याआधी एक गोष्ट पाहावी. हेडस्टॉक सरळ असेल तर तारा नटावर पूर्ण टेकत नाहीत, आणि पकडी आवळताच त्या खाली दबून स्वर चढतो. नटामागची आडवी दाबपट्टी याचसाठी असते; तिचे स्क्रू इतके आवळावेत की तारा नटाच्या तळाला लागून जातील. नव्या तारा हलक्या हाताने ओढून ताणून घ्याव्यात, पुन्हा स्वर लावावा आणि मगच नटावरच्या तिन्ही पकडी बंद कराव्यात. त्यानंतरचा किरकोळ फरक ब्रिजवरच्या बारीक स्क्रूंनी काढावा. पुढे तारा बदलताना एका वेळी एकच बदलावी. सगळ्या एकदम काढायच्या असतील तर ब्रिजच्या पाटीखाली जाड कापडाची घडी ठेवावी, नाहीतर स्प्रिंग ब्रिजला मागे खेचतात आणि तो खळग्यात आपटतो.