सोडणांच्या भुश्याला आता धिंगरी लावा

भातकापणी आटोपली, विहिरींना पाणी आहे आणि पावसाने ढीग धुऊन जाण्याची भीतीही सरली. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागायतदारांनी नारळाच्या सोडणांचा भुसा धिंगरी अळिंबीच्या बुरशीने कुजवायला घ्यावा तो याच दिवसांत. फेब्रुवारीनंतर पाणी कमी पडतं, आणि ढीग कोरडा पडला की आतली बुरशी थांबते.

काथ्या काढून उरलेला भुसा वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो तो त्यातल्या लिग्निनमुळे, म्हणजे लाकडाला कणखर करणाऱ्या चिवट घटकामुळे. भुश्यात ते सुमारे ३० टक्के असतं. शेणातल्या जिवाणूंना ते सहजी फुटत नाही. ट्रायकोडर्मा या कुजवणाऱ्या बुरशीचं कामही मुख्यतः सेल्युलोजवर, म्हणजे त्यामानाने लवकर कुजणाऱ्या भागावर चालतं, त्यामुळे नुसत्या ट्रायकोडर्मावर भिस्त ठेवू नये. लिग्निन खरोखर फोडतात त्या पांढरी कूज आणणाऱ्या बुरश्या, आणि त्यांतली आपल्याला सहज मिळणारी म्हणजे धिंगरी अळिंबी. तिचे तंतू लॅकेज, मँगनीज पेरॉक्सिडेज अशी विकरं (एन्झाइम) सोडतात आणि ती लिग्निनची घट्ट वीण तोडतात. या कामाला हवा लागते. म्हणून खड्डा नको. सावलीत, पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर ढीग लावा.

एक टन भुश्याला दीड किलो धिंगरीचं बियाणं, म्हणजे स्पॉन, आणि ५ किलो युरिया पुरतो. आधी भुश्यातले धागे वेचून काढा. साधारण ५ मीटर लांब, ३ मीटर रुंद जागेवर १०० किलो भुसा पसरा, त्यावर ३०० ग्रॅम बियाणं भुरभुरा. वर पुन्हा १०० किलो भुसा, त्यावर १ किलो युरिया. असे थर आलटूनपालटून चढवत जा. लवकर कुजेल म्हणून युरिया वाढवू नका. जास्तीच्या नत्राने काही बुरश्यांचं लिग्निन फोडणं उलट मंदावतं. ओल इतकी ठेवा की मूठ दाबल्यावर चारदोन थेंबच गळावेत. महिना-सव्वा महिन्यात भुसा काळपट होतो, वास मातीसारखा येतो. कर्ब-नत्राचं प्रमाण ११२:१ वरून २४:१ च्या आसपास उतरतं, म्हणजे खत तयार झालं.

सोडणं खाडीच्या पाण्यात भिजवलेली असतील तर भुसा आधी गोड्या पाण्याने चांगला धुवा. हे टाळू नका, कारण ढिगात मीठ कुजून जात नाही.

कुजणारा ढीग म्हणजे गेंडा भुंग्याची अंडी घालायची आवडती जागा, आणि माडाच्या कोंबाचं तो काय करतो हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. दर आठवड्याला कडेचा भाग उकरून पाहा. पांढऱ्या, जाड, वाकड्या अळ्या दिसल्या तर वेचून मारा. या अळ्यांना मारणारी मेटारायझियम बुरशी मिळाली तर तीही ढिगात मिसळा. तयार खत बागेत उघड्यावर साठवून ठेवू नका.

कच्चा भुसा माडाच्या आळ्यात थेट ओतण्याची सवय मात्र सोडायलाच हवी. तो कुजवताना सूक्ष्मजीव मातीतलं नत्र ओढून घेतात आणि झावळ्या पिवळ्या पडतात. कुजलेलं खत माड, आंबा, केळी यांना झाडामागे किमान ५ किलो, उन्हाळ्याआधी आळ्यात मातीत मिसळून द्या. ते पाणी धरून ठेवतं. रोपवाटिकेत कलमांच्या पिशव्या भरताना माती-वाळूच्या मिश्रणात पाचवा हिस्सा पुरे.