क्विल्टमधील तिरप्या शिवणी: कमी वेळात आणि नेमक्या

गोधडीत ठिगळांच्या कडा दुमडून सगळे थर धावदोऱ्याने एकत्र टाचले जातात, त्यामुळे एखादे ठिगळ थोडे सरकले तरी ते खपून जाते. तुकडे आधी एकमेकांना मशीनवर जोडून मग थर चढवल्या जाणाऱ्या क्विल्टमध्ये ही सवलत नसते. तिथे भिरभिऱ्याचे किंवा चांदणीचे टोक तिरप्या शिवणीवर अवलंबून असते आणि ती शिवण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, हुकली तरी टोक पुढच्या जोडात गिळले जाते. यात बहुतेकांचा वेळ शिवण्यापेक्षा प्रत्येक चौकोनामागे पेन्सिलीने कर्ण आखण्यात आणि नंतर टीप उसवण्यात जातो. हे दोन्ही टाळता येते.

पहिला नियम कापण्याविषयी आहे. कापड उभ्या-आडव्या धाग्यावर फारसे ताणत नाही, परंतु कर्णावर, म्हणजे उरेब दिशेला, ते सहज ताणते. आधी त्रिकोण कापले, तर नेमकी हीच उरेब कड हाताळावी लागते आणि मशीनखालून ती लांबून बाहेर येते. म्हणून दोन रंगांचे चौकोन सुलट बाजू समोरासमोर ठेवून, कर्णाच्या दोन्ही बाजूंना दोन सूत, म्हणजे पाव इंच, अंतरावर टीप मारावी आणि कर्ण त्यानंतरच कापावा. एका जोडीतून दोन रंगांचे दोन चौकोन मिळतात. पातळ सुती कापडाला कापण्यापूर्वी स्टार्च लावून इस्त्री केली, तर ते आणखी स्थिर राहते.

चौकोनाचे मोजमाप असे धरावे: तयार चौकोन 3 इंचांचा हवा असेल, तर 3 इंच 7 सुतांचा चौकोन कापावा. गणिताने ही वाढ साधारण 0.85 इंच येते आणि 7 सूत म्हणजे 0.875 इंच, त्यामुळे हातात जेमतेम केसभर जास्तीचे कापड उरते. माझ्या मते पूर्ण 4 इंचांचे चौकोन कापून शेवटी साडेतीन इंचांवर छाटणे अधिक शहाणपणाचे आहे (साडेतीन इंचांत पुढच्या जोडांची दाबण, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेले कापड, धरलेली असते). छाटण्याची दोन मिनिटे जातात, पण उसवण्याचा अर्धा तास वाचतो. असे पुष्कळ चौकोन हवे असतील, तर 8 इंचांचे दोन चौकोन एकावर एक ठेवून दोन्ही कर्णांच्या दोन्ही बाजूंना टीप मारावी, मग उभे व आडवे मधोमध कापून शेवटी दोन्ही कर्णांवर कापावे. एकाच वेळी आठ चौकोन तयार होतात.

आता आखणी कशी टाळावी ते पाहू. आलेख कागदाच्या एका ठळक रेषेवर सुई हाताने चाक फिरवून खाली उतरवावी, कागदाच्या आडव्या रेषा सुईखालच्या पट्टीच्या कडेशी समांतर आणाव्यात आणि प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली सोडावा. आता ती ठळक रेषा सुईपासून सरळ आपल्याकडे येते. तिच्या उजवीकडे दोन सुतांवर मास्किंग टेपची उजवी कड येईल अशी एक लांब पट्टी मशीनच्या टेबलावर चिकटवावी आणि मूळ रेषेवरही टेपवर पेनाने खूण करून ठेवावी. कापड सरकवणारे दात टेपखाली झाकले जाऊ देऊ नयेत.

शिवताना चौकोनाचा सुरुवातीचा कोपरा सुईच्या दोन सूत उजवीकडे ठेवावा आणि आपल्याकडचा कोपरा टेपच्या कडेवर धरून तो कडेवरूनच चालवत न्यावा. नजर सुईवर नको, त्या कोपऱ्यावर हवी. सवय होईपर्यंत हे विचित्र वाटते. एक जोडी संपली की दोरा न तोडता दोन-तीन टाके मोकळे चालवून पुढची जोडी सरकवावी. सगळी माळ झाली की ती तशीच उलट फिरवावी आणि पुन्हा त्याच टेपच्या कडेने कर्णाची दुसरी बाजू शिवावी.

कोपऱ्यापासून टीप सुरू करताना मशीन ते टोक सुईच्या भोकात ओढून घेते. झिगझॅग मशीनच्या पट्टीचे भोक रुंद असल्याने हे तिथे जास्त होते. त्यावर सोपा उपाय म्हणजे आधी एका चिंधीवर टीप सुरू करून तिच्यामागून पहिला तुकडा घालणे. एकाच गोल भोकाची पट्टी मिळाली तर उत्तमच, मात्र ती बसवलेली असताना झिगझॅग टाका लावू नये, नाहीतर सुई मोडेल. टाका सुमारे 2 मिलिमीटरचा ठेवावा, कारण टीप कोपऱ्यापर्यंत जाऊन कापली जाते आणि मोठे टाके तिथे सुटतात.

कर्ण कापल्यावर तुकडा बंद असतानाच शिवणीवर इस्त्री दाबावी, मग उघडून दाबण गडद रंगाकडे वळवावी. इस्त्री उचलून ठेवावी, घासू नये. घासली की उरेब शिवण वाकडी होते. छाटताना पट्टीवरची 45 अंशांची रेषा शिवणीवर बसवून दोन बाजू कापाव्यात आणि तुकडा फिरवून उरलेल्या दोन.

चौकोनाच्या कोपऱ्यावर लहान चौकोन शिवून तो उलटवायचा असेल, तेव्हा टेपवरची मधली खूण कामी येते. मात्र टीप नेमकी कर्णावर न मारता एका धाग्याइतकी बाहेर, म्हणजे कोपऱ्याकडे मारावी, कारण घडीच्या वळणात तेवढे कापड खर्च होते. उलटवलेले टोक खालच्या कोपऱ्याशी जुळले, तरच जास्तीचे कापड दोन सूत सोडून कापावे.

कडेच्या पट्ट्या जोडतानाही हीच खूण वापरता येते. एक पट्टी सुलट बाजू वर करून आडवी ठेवावी आणि तिच्या उजव्या टोकावर दुसरी सुलट बाजू खाली करून, खालच्या दिशेला लोंबती, काटकोनात ठेवावी. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत टीप मारावी. दोन्ही पट्ट्यांचा लांब भाग टिपेच्या एकाच बाजूला आला आहे, हे पाहिल्याशिवाय कात्री लावू नये.