अमेरिकन नॅरोगेजचं मॉडेल करताय? मग या चुका टाळा

माथेरानची गाडी लहानपणी बघितलेली असते, कोलोरॅडोतल्या ड्युरँगो–सिल्व्हर्टन नॅरोगेजचे चार व्हिडिओ नुकतेच बघितलेले असतात, आणि मंडळी ठरवून टाकतात: नॅरोगेज म्हणजे लहान गाडी, लहान गाडीला लहान जागा, चला, पलंगाखालीच लेआउट बसवू. पुढचा निम्मा घोळ इथूनच सुरू होतो.

अहो, अरुंद असतं ते फक्त दोन रुळांमधलं अंतर. डेन्व्हर अँड रिओ ग्रांड वेस्टर्नचं के-३६ इंजिन तीन फुटी रुळांवर चालतं खरं, पण ओढण्याचा जोर ३६,२०० पौंडांचा. नावातले ३६ तिथूनच आलेत. त्याच्यापुढे आपलं माथेरानचं इंजिन म्हणजे खेळणं.

वळणांचंही तेच. कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवरच्या कंब्रेस खिंडीत कडक वळण म्हणजे २० अंशांचं, त्रिज्या साधारण २८८ फूट. १:४८ चं मॉडेल असेल तर त्याला ४८ ने भागा. सहा फूट आले, आणि ही नुसती त्रिज्या झाली. तुम्ही आणता ते १८ इंची रेडीमेड वळण म्हणजे प्रत्यक्षातलं ७२ फुटी. त्यावर मिकाडो, म्हणजे के-३६ सारखं लांब इंजिन, घालायचं आणि ते घसरलं की दुकानदाराला शिव्या द्यायच्या! खरं वळण आपल्यापैकी कोणाच्याच घरात मावत नाही, माझ्याही नाही. तडजोड सगळेच करतात. पण कसली तडजोड करतोय ते आधी कळायला हवं.

आता माझीच फजिती सांगतो.

माझ्या लेआउटवर खडक फोडून काढलेला एक कट आहे, वळणावरच. थर्माकोलचे थर, त्यावर पीओपी, मग चार महिने संध्याकाळी बसून खडकाच्या भेगा कोरल्या. चाचणीला काय वापरलं? एक छोटं मोगल इंजिन आणि मागे दोन आखूड वाघिणी. मस्त जायची. मग दोन वर्षं पैसे साठवून के-२७ आणलं. या इंजिनाची फ्रेम चाकांच्या बाहेर असते. क्रँक, काउंटरवेट, रॉड, सगळं त्याच्याही बाहेर. रात्री अकराला डबा उघडला आणि सकाळपर्यंत धीर धरवला नाही. पहिल्या फेरीला आतल्या बाजूने बारीक करकर ऐकू आली. वाटलं, नवीन आहे, गिअर बसतील. दुसऱ्या फेरीला रॉडवर पांढरी पूड दिसली, तीसुद्धा मी फुंकर मारून उडवली. मग रिव्हर्स घेतलं आणि केबिनचा मागचा कोपरा बाहेरच्या खडकात गेला. पायरी तुटली ती तुटलीच, शिवाय इंजिन कलंडलं आणि घंटा कुठे उडाली ते आजतागायत सापडलेलं नाही.

लांब गाडी वळणावर मध्ये आत येते आणि टोकांना बाहेर जाते, हे शाळकरी पोराला कळतं. मलाही कळत होतं. पण मोजलं नव्हतं.

तेव्हापासूनची सवय: आपल्याकडे येऊ शकेल अशा सगळ्यांत मोठ्या गाडीच्या मापाचं पुठ्ठ्याचं सोंग करायचं, बाहेर येणाऱ्या रॉडसकट. मधोमध दोन्ही बाजूंना आणि चारी कोपऱ्यांना पेन्सिली चिकटवायच्या आणि वळणावरून हाताने ढकलायचं. प्लायवर रेघा उमटतात. त्यांच्या बाहेर आणखी सहा मिलिमीटर सोडायचे, मगच प्लास्टरला हात लावायचा. कोणी म्हणतं, आता हे संगणकावर करता येतं. करा. मी पुठ्ठाच वापरणार.

दुसरी चूक खिशाला लागते. गेज (रुळांमधलं अंतर) आणि स्केल (मॉडेल खऱ्याच्या किती पट लहान) यांची गल्लत. ओ-एन-३० म्हणजे १:४८ चं मॉडेल, पण रूळ एचओचे, म्हणजे १:८७ च्या साध्या मॉडेलांचे, १६.५ मिलिमीटरचे, ते होतात साधारण ३१ इंच. खरं तीन फुटी गेज १:४८ मध्ये १९ मिलिमीटर भरतं, ते ओ-एन-३. एचओ-एन-३ मध्ये सगळं १:८७ आणि रूळ साडेदहाचे. ‘दोन्हीत नॅरोगेज लिहिलंय’ म्हणून स्वस्तातले एचओ-एन-३ चे डबे मागवणारे मला दरवर्षी भेटतात. ते डबे त्यांच्या ड्रायव्हरच्या छातीला लागतात. आणि ओ-एन-३० खाली साधा एचओ ट्रॅक घालू नका. त्याचे स्लीपर काड्यापेटीतल्या काड्यांसारखे दिसतात. जाड, विरळ स्लीपरचा ट्रॅक मिळतो, तो घ्या.

खऱ्या कंब्रेसवर चामा गावाच्या बाजूने चार टक्के चढ आहे म्हणून आपणही चार टक्के चढ ठेवायचा, हा हट्ट नको. तिथेसुद्धा जड मालगाडीला जादा इंजिन जोडावं लागे, आपल्या खंडाळ्याच्या घाटातल्या बँकरसारखं. मी अडीचवर थांबलो.

काळाची सरमिसळ हा माझा खास राग. एकाने मला १९५० चं ड्युरँगो यार्ड दाखवलं. देखणं काम. मध्ये उभं के-२८, नंबर ४७०. मी गप्प बसायला हवं होतं, नाही बसलो. ही इंजिनं १९२३ ची, एकूण दहा. त्यातली सात १९४२ मध्ये अमेरिकी लष्कराने अलास्काच्या व्हाइट पास अँड युकॉनसाठी नेली आणि ती परत आलीच नाहीत. कोलोरॅडोत उरली ४७३, ४७६ आणि ४७८. नंबर बदलायला दहा मिनिटं लागतात. तो म्हणाला, कोणाला कळतंय? बाबा रे, एवढ्याशा रेल्वेच्या नादी लागलेल्या माणसाला तेवढंच तर कळत असतं!

गंजाचंही तसंच. रिओ ग्रांड सदर्न कायम कंगाल. ओटो मिअर्सने १८९०–९१ मध्ये बांधली, १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला आणि कंपनी त्याच्या हातून गेली. १९३१ पासून तर त्यांनी जुन्या मोटारींचे सांगाडे रुळांवर चढवून टपाल पोचवलं; तीच ती ‘गॅलपिंग गूज’. अशा रेल्वेचे डबे रंग उडालेले दाखवा, खुशाल. पण रोज चालणाऱ्या इंजिनाच्या रॉडवर नारिंगी गंज? तिथे तेल असतं हो, तेल आणि काजळी. गंज भंगारात पडलेल्या लोखंडाला चढतो.

जागा खरंच कमी असेल तर कोलोरॅडोचा नाद सोडा आणि मेन राज्यातल्या दोन फुटी रेल्वे बघा. सँडी रिव्हरची फॉर्नी इंजिनं आखूड, डबे सडपातळ, आणि गेज आपल्या माथेरानचंच. ओ-एन-३० वर रूळ जरा रुंद दिसतात, तेवढं मी डोळ्याआड करतो.

आणि रुळांच्या सांध्यांत फट ठेवा. माझी प्लाय मे महिन्यात सुकून आकसली आणि यार्डातली सरळ लाइन सापासारखी झाली. आता प्रत्येक सांध्यात व्हिजिटिंग कार्ड घालून रूळ ठोकतो आणि मग कार्ड ओढून काढतो.