बऱ्याच वर्षांनी परत बाईकवर बसताय? आधी जुनी गाडी डोक्यातनं काढा

वडिलांची बुलेट आम्ही 2007 साली विकली, त्यानंतर 17 वर्षं मी फक्त कार चालवली, आणि मागच्या दसऱ्याला रॉयल एनफिल्डची नवी क्लासिक 350 घेतली. आमच्या ग्रुपमधली आणखी दोघं-तिघं आता घ्यायच्या विचारात आहेत आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, "सायकल आणि गाडी काय कोण विसरतंय होय". खरंय, विसरत नाही. पण अडचण तिथंच आहे, हातापायांना जे आठवतं ते जुन्या गाडीचं आठवतं आणि बुडाखाली असते नवी गाडी.

माझ्यासोबत काय झालं ते सांगतो म्हणजे कळेल. वडिलांची बुलेट जुन्या पद्धतीची, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. आता सगळ्या गाड्यांना गिअर डावीकडं असतो, हे मला माहीत होतं, शोरूमपासून घरापर्यंत व्यवस्थित आलो, चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी कोल्हापुरात रंकाळ्याच्या बाजूनं घरी येताना गल्लीतनं एक पोरगं सायकल घेऊन एकदम पुढं आलं आणि माझा डावा पाय जोरात खाली गेला. ब्रेक समजून मी गिअर दाबला होता. गाडीला हिसका बसला, मागचं चाक किंचाळलं, पण गाडी थांबली नाही. उजव्या हातानं ब्रेक ओढला म्हणून वाचलो, पोरगं आणि मी यात हातभराचं अंतर राहिलं. घरी येऊन गाडी लावली आणि अर्धा तास हात थरथरत होते. शांत असताना मेंदू नवीन गाडी चालवतो, घाबरला की जुनी, हे त्या दिवशी समजलं, आणि पुढं जे काही लिहिलंय ते सगळं त्यातनंच आलंय.

तर पहिलं काम कागदाचं, ते पटकन उरका. लायसन बाहेर काढून तारीख बघा. आपल्या वयाच्या लोकांची लायसन जुन्या नियमाची, 20 वर्षं किंवा वयाची पन्नाशी यातलं जे आधी येईल तोपर्यंत चालणारी, त्यामुळं अनेकांची गुपचूप संपलेली असतात. संपून एक वर्षाच्या आत असेल तर साधं रिन्यूअल होतं, वर्ष उलटलं असेल तर परत टेस्ट द्यावी लागते. चाळिशीच्या पुढं डॉक्टरचं फॉर्म 1ए सर्टिफिकेट लागतं. आणि लायसनवर गिअरवाल्या मोटरसायकलचा एमसीडब्ल्यूजी हा शिक्का आहे का तेही बघा, नुसतं कारचं असेल तर बाईकला चालत नाही आणि काही झालं तर इन्शुरन्सवाले पहिला हाच कागद मागतात.

गाडी निवडताना मन पंचविशीतलं असतं आणि गुडघे पन्नाशीचे, त्यामुळं कागदावरचे आकडे बघून ठरवू नका, शोरूममधे गाडीवर बसा, दोन्ही पाय टेकतात का बघा, आणि मुख्य म्हणजे गाडी स्टँडवरनं काढून स्वतः ढकलत मागं घ्या. क्लासिक 350 चं वजन 195 किलो आहे, सीट 805 मिलिमीटरवर. त्याच कंपनीची मीटिऑर 350 वजनाला साधारण तेवढीच पण सीट 765 ची, त्यामुळं उंची कमी असणाऱ्याला ती सोपी पडते. जे आरएक्स 100 चालवून मोठे झाले त्यांनी तर हे नक्की करा, कारण ती गाडी शंभर किलोच्या आसपासची, एका पायावर पेलायची, आता त्याच्या जवळपास दुप्पट वजन आहे आणि ते एकदा एका बाजूला कललं की पायानं थांबत नाही. गाडी लावताना उताराकडं तोंड करून कधी लावू नका, रिव्हर्स गिअर नाही, बाहेर काढताना कंबर जाते.

आणि गाडी पडली तर उचलायची पद्धत आत्ताच शिकून ठेवा. पहिल्यांदा इंजिन बंद. उजवीकडं पडली असेल तर साईड स्टँड आधी उघडायचा आणि गाडी गिअरमधे टाकायची. मग गाडीकडं पाठ करून सीटला ढुंगण टेकवायचं, एक हात हँडलला, एक मागं पकडायला, आणि पाठीनं न उचलता पायांनी मागं ढकलत छोट्या पावलांनी उठायचं. मी मैदानात गवतावर दोघांना सोबत घेऊन हे करून बघितलंय, जमतं.

हेल्मेट नवीन घ्या. जुनं माळ्यावरचं हेल्मेट काढू नका, आतला थर्माकोल इतक्या वर्षांत कामाचा राहत नाही. आयएसआयचा मार्क, आणि घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत, डोकं हलवलं की हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे. चष्मा असेल तर चष्मा घेऊन दुकानात जा, सरळ काड्यांचा चष्मा हेल्मेटमधे नीट जातो, वाकड्या काड्यांचा कानामागं टोचतो आणि मग माणूस अर्ध्या तासात वैतागून हेल्मेट काढून हँडलला अडकवतो. हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट घ्याच, जाकीट पैसे असतील तसं. पण चप्पल घालून गिअर टाकू नका, कोपरापर्यंत जाऊन यायचं असलं तरी.

आता मैदान. हे टाळू नका, लाज वाटते म्हणून लोक टाळतात. सकाळी सहाला मी जात होतो, दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन. पहिले तीन दिवस फक्त हळू चालवणं. माणूस चालतो त्या स्पीडला, हाफ क्लचवर, रेस थोडी आणि मागचा ब्रेक किंचित दाबलेला, असं सरळ जायचं, मग बाटल्यांच्या भोवती आठ आकडा काढायचा. नजर बाटलीवर ठेवली की गाडी बाटलीवर जाते, मान फिरवून जिथं जायचंय तिथं बघितलं की गाडी आपोआप वळते, हे इतकं ठळक जाणवतं की हसू येतं. पुढं रस्त्यावर खड्ड्याचं पण तेच आहे, खड्ड्याकडं बघत राहिलात तर खड्ड्यातच जाणार.

मग ब्रेक. जुन्या गाड्यांना पुढं ड्रम ब्रेक होता, त्यात दम नव्हता, म्हणून आपण सगळे मागच्या ब्रेकवर उभं राहायला शिकलो, आणि वरनं "पुढचा लावू नको, उलटशील" असं प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेलं. ते आता डोक्यातनं पूर्ण काढावं लागतं. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणजे पकड पुढच्या टायरला असते, मागचं चाक हलकं होऊन घसरतं. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) सक्तीचा आहे, त्यामुळं चाक लॉक व्हायची भीती खूप कमी झालीय, पण तो एबीएस वापरून बघितलेला पाहिजे. मैदानात 20 ला, मग 30 ला, मग 40 ला, सरळ रेषेत दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा झटक्यात नाही तर पिळत पिळत वाढवत नेऊन. एबीएस लागला की लिव्हर बोटाखाली थडथडतो, नवीन माणूस दचकून ब्रेक सोडतो. सोडायचा नाही. मी रोज वीस वेळा असं ब्रेक मारत होतो आणि प्रत्येक वेळी तोंडानं मोठ्यानं म्हणत होतो "उजवा हात, उजवा पाय". दोन आठवडे. तेव्हा कुठं डावा पाय गप्प बसला.

नवीन टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतात, तोवर जास्त झुकवू नका. इंजिनचं म्हणाल तर पहिल्या 500 किलोमीटरला एकाच स्पीडला धरून ठेवू नका, वर-खाली करत चालवा, मोठ्या गिअरमधे घरघर करत ओढू नका, आणि पहिलं सर्व्हिसिंग 500 ला वेळेत करा. 2020 नंतरच्या बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, चोक नाही, चावी फिरवल्यावर पंपाचा आवाज थांबेपर्यंत दोन सेकंद थांबून मग स्टार्टर. हेडलाईट दिवसा पण चालूच राहतो, बटण शोधत बसू नका. साईड स्टँड उघडा असताना गिअर टाकला तर गाडी बंद पडते, मी पहिल्या दिवशी बॅटरी गेली समजून मेस्त्रीला फोन केलेला.

रस्त्यावर उतरल्यावर सगळ्यात मोठा बदल नजरेचा. कारमधे आरसा बघून लेन बदलायची सवय लागते, बाईकवर आरसा बघून वर खांद्यावरनं मान वळवून बघायलाच लागतं. आणि आमच्याकडं नोव्हेंबर ते मार्च उसाचा सीझन, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीनं भरलेला. 60 च्या स्पीडला एका सेकंदात गाडी जवळपास 17 मीटर जाते, अंधारात ट्रॉली दिसून मेंदूला कळेपर्यंत तो एक सेकंद गेलेला असतो. म्हणून पहिलं वर्ष तरी सीझनमधे रात्री गाडी काढू नका, काढलीच तर 40 च्या वर नाही. दिवसा पण कारखान्याच्या रस्त्याला उसाची कांडी, पाचट पडलेलं असतं, त्यावर ब्रेक मारला की टायर घसरतो, स्पीड आधी कमी करून सरळ वरनं जायचं.

पहिली लांब फेरी लांब करूच नका. मी पन्हाळा केला, कोल्हापूरपासून साधारण 20 किलोमीटर, चढ आहे, वळणं आहेत, वर चहा पिऊन बसता येतं. चढताना सोपं वाटतं, उतरताना खरी परीक्षा. वळणाच्या आधी ब्रेक आणि गिअर दोन्ही उरकायचं, वळणात शिरल्यावर क्लच दाबून गाडी मोकळी सोडायची नाही, इंजिन धरून ठेवतं ते राहू द्यायचं. गगनबावडा, करूळ घाट, आंबोली वगैरे पहिल्या पावसाळ्यानंतर. पावसात शेतातनं रस्त्यावर आलेला चिखल आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे दोन्ही साबणासारखे होतात. मुंबईकडं जाणार असाल तर एक्सप्रेस वेला टू व्हीलर चालत नाही, खंडाळ्याचा जुना हायवे धरायचा. समृद्धीवर पण बंदीच आहे.

शरीराकडं पण बघा. तासाला एकदा थांबून उतरायचं, मनगट आणि मान हलवायची. बीपीची, शुगरची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारून घ्या की चक्कर-गुंगी येणारी नाही ना.

डबलसीट शेवटी, निदान महिनाभरानंतर. मागं माणूस बसला की गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, मागच्या टायरची हवा गाडीवरच्या स्टिकरवर डबलसीटसाठी लिहिलीय तेवढी वाढवायची, आणि बसणाऱ्याला आधीच सांगून ठेवायचं की मी "बस" म्हणाल्याशिवाय पाय टाकायचा नाही, तोवर आपले दोन्ही पाय जमिनीवर आणि पुढचा ब्रेक दाबलेला. हेल्मेट मागच्यालाही. फेरी झाल्यावर त्यांना विचारा कुठं काय वाटलं, कारण मागं बसणाऱ्याला आपल्या चुका आपल्यापेक्षा आधी कळतात. बायको पहिल्यांदा बसून ज्योतिबाला जाऊन आली तेव्हा म्हणाली, "तुम्ही गिअर टाकला की दर वेळी माझं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आपटतंय". मी क्लच झटक्यात सोडत होतो, सहा महिने एकट्यानं चालवून मला कळलं नव्हतं. पुढचे दोन आठवडे फक्त तेवढंच केलं, दुसऱ्यावरनं तिसरा, तिसऱ्यावरनं चौथा, क्लच हळू, तिला मागं बसवून, ठोका ऐकू यायचा थांबेपर्यंत.