पाचट पेटवू नका, कुजवा : खोडव्यात आम्ही कसं करतो ते

ऊस गेला, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) जनावरांनी खाल्लं, की संध्याकाळी वारा पडल्यावर उरलेल्या पाचटाला, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांना, काडी लावायची, हे आमच्याकडं आज्यापासून चालत आलेलं. मी पण पंधरा वर्षं हेच केलं. मग एका साली वारा अचानक फिरला आणि शेजारच्या रानातली ठिबकची नळी आणि बांधावरची दोन आंब्याची झाडं गेली, भरपाई दिली ती दिली वर वर्षभर बोलणं बंद. तेव्हापासून काडी बंद, पाचट खोडव्यात, म्हणजे जमिनीत राहिलेल्या बुडख्यातनं (खुंटातनं) परत फुटून येणाऱ्या उसात, कुजवतो. म्हणजे खरं सांगायचं तर पर्यावरण वगैरे डोक्यात नंतर आलं, आधी शेजारी आला.

आता हिशोब बघा. एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट निघतं. त्यात अर्धा टक्का धरला तरी १५ ते २० किलो नत्र (नायट्रोजन) असतं, म्हणजे जवळजवळ एक पोतं युरिया, आणि पालाश (पोटॅश) त्याच्या दुप्पट. जाळलं की नत्र जवळपास सगळं धुरात जातं, पालाश राखेत उरतं पण ती राख वरच्यावर, वाऱ्यानं उडाली नाही तर पाण्याबरोबर जाते. आणि धुरात नुसता कार्बन डायऑक्साइड नसतो. तो तर पाचट कुजलं तरी बऱ्यापैकी हवेत जातोच, ह्यात लपवण्यासारखं काही नाही. पण जळताना मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड पण निघतात, शंभर वर्षांच्या हिशोबात पहिला कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आणि दुसरा सुमारे २७० पट तापवणारा, वर काजळी वेगळीच. कुजवलं तर हे बरंचसं टळतं आणि कार्बनचा काही वाटा रानातच राहतो, माती भुसभुशीत होते, ओल टिकते, पाण्याची पाळी लांबते. पाळी लांबली की मोटर कमी चालते आणि आपली वीज अजून जास्त करून कोळशावरच आहे. शिवाय थ्री फेज लाईट आठवडा आठवडा रात्रीचीच असते, त्यामुळं एक पाळी वाचली तर एक रात्रीची झोप वाचली, हा फायदा कुठल्या पत्रकात लिहिलेला नसतो.

सुरुवात तोडीपासूनच होते बरं का. ऊसतोडीची टोळी आली की मुकादमाला आधीच सांगून ठेवा की ऊस जमिनीलगत तोडायचा. वर खुंट ठेवून तोडला तर त्या वरच्या डोळ्यातनं फुटवे येतात आणि ते अशक्त निघतात, जमिनीखालनं येणारा फुटवा जोमदार असतो. आणि बुडातच साखर जास्त असते, त्यामुळं वजनात पण आपलंच नुकसान. सांगून सगळे ऐकतात असं नाही, टोळीला फडातला ऊस लवकर संपवायचा असतो, पण पहिल्या दिवशी चहा घेऊन बांधावर तासभर उभं राहिलं की फरक पडतो.

रान मोकळं झालं की दुसऱ्या तिसऱ्या दिवशीच बुडख्यावरचं पाचट सरीत ओढून घ्यायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं काम आणि लोक इथंच चुकतात. पाचट बुडख्यावर तसंच राहिलं तर ऊन लागत नाही, फुटवे येत नाहीत, मग लोक म्हणतात पाचट ठेवलं म्हणून खोडवा विरळ झाला. पाचट सरीत, बुडखा उघडा, एवढं डोक्यात ठेवा. दोन माणसं लाकडी दाताळ्यानं दिवसाला बऱ्यापैकी रान ओढतात. चार साडेचार फुटाची सरी असेल तर काम सोपं, तीन फुटाची जुनी सरी असेल तर कटकट आहे, मग एक आड एक सरीत पाचट भरायचं आणि मोकळ्या सरीतनं पाणी द्यायचं.

आता ट्रॅक्टरच्या मागं चालणारं पाचट कुट्टीचं मशीन पण भाड्यानं मिळतं. बारीक तुकडे झाले की पाचट बसतं लवकर आणि कुजतं पण लवकर. हार्वेस्टरनं तोड झाली असेल तर पाचट आधीच बारीक झालेलं असतं, वेगळी कुट्टी लागत नाही.

त्यानंतर बुडखे छाटणी. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीबरोबर छाटायचे, कोयता बोथट असेल तर बुडखा चिरतो आणि मुळासकट हलतो, म्हणून धार लावूनच रानात जा. छाटल्यावर लगेच कार्बेन्डाझिम १ लिटर पाण्याला १ ग्रॅम ह्या हिशोबानं बुडख्यावर फवारायचं, म्हणजे कापलेल्या जागेतनं बुरशी शिरत नाही.

आता कुजवायचं कसं. पाचटात कार्बन भरपूर आणि नत्र अगदीच कमी, त्यामुळं कुजवणारे जिवाणू भुकेले होऊन मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि आपला खोडवा पिवळा पडतो. मी पहिल्या वर्षी काहीच न टाकता नुसतं पाचट पसरून ठेवलं होतं, महिन्याभरात रान हळदीसारखं पिवळं, घरचे म्हणाले जाळलं असतं तर बरं झालं असतं. तर वरनं खाऊ द्यावा लागतो. एकरी साधारण ३२ किलो युरिया आणि ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पाचटावर एकसारखं फेकायचं, मग पाचट कुजवणारं जिवाणू खत एकरी ४ किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून त्याच्यावर विसकटायचं. युरियात जिवाणू कालवून एकत्र फेकू नका, जिवाणू मरतात. आणि युरिया टाकला की त्याच दिवशी पाणी सोडायचं, उद्यावर ढकललं तर युरिया अमोनिया होऊन हवेत जायला लागेल. लाईट कधी आहे ते बघूनच युरिया फेका! आणि हातात पोतं आहे म्हणून जास्त पण टाकू नका, जादा युरियातनं तोच नायट्रस ऑक्साइड रानातनं निघतो, मग जाळलं काय आणि न जाळलं काय.

पहिलं पाणी जरा जपून. जोरात सोडलं तर पाचट तरंगतं आणि सगळं शेवटाला जाऊन गोळा होतं, तिथं पाणी तुंबतं आणि वरचा भाग कोरडा. बारीक धार ठेवून सावकाश द्यायचं. वापसा (पाय न रुतता रानात काम करता येईल इतकी ओल) यायच्या आधी, रान ओलं असतानाच सरीतनं चालत पाचट पायानं दाबून घ्यायचं म्हणजे ते मातीला चिकटतं, माती लागली की कुजणं सुरू झालं समजा. ठिबक असेल तर लॅटरल (ठिबकच्या नळ्या) आधी गुंडाळून बाजूला घ्या आणि पाचट पसरल्यावर परत वर अंथरा, खाली गाडली गेली की कुठं चोकअप झालंय ते सापडत नाही, आणि उंदरानं कुरतडली तर ते पण दिसत नाही.

खताचा प्रश्न सगळे विचारतात की पाचटावरनं खत द्यायचं कसं. पहारीनं. बुडख्यापासनं अर्धा फूट अंतरावर पहारीनं वीतभर खोल भोक पाडायचं, त्यात खत टाकून मातीनं बुजवायचं, दोन भोकात एक फूट अंतर. पहिला हप्ता तोडीनंतर १५ दिवसात एका बाजूला, दुसरा साडेचार महिन्यांनी दुसऱ्या बाजूला. मजुरी लागते, नाही म्हणत नाही, पण खत मुळाशी जातं, तणाच्या तोंडात जात नाही. आणि पाचटामुळं तण पण कमीच येतं, खोडव्याला बगला फोडा (सरीच्या कडा नांगरानं फोडा), भरणी करा (बुडाला माती लावा) हे काही लागत नाही, म्हणजे तेवढं डिझेल आणि तणनाशक वाचलं. तीन चार महिन्यात पाचट काळं पडून हातात चुरगळायला लागतं.

मध्ये मध्ये जागा रिकाम्या राहिल्या तर लवकर नांग्या भरून घ्या, पिशवीतली किंवा ट्रेमधली रोपं आणून. उशीर झाला की मोठ्या उसाच्या सावलीत ती रोपं कधीच वर येत नाहीत.

सगळ्या रानात हे जमेल असं पण नाही. पाणी साठून राहणारं चोपण रान असेल तर आधी चर काढा, मग पाचटाचं बघा. मागच्या उसात गवताळ वाढ नावाचा रोग असेल तर खोडवाच ठेवू नका, मोडून दुसरं पीक घ्या, लागणीला बेणं पण त्यातलं नको.

राहिली आग. वाळकं पाचट पहिले दोन महिने म्हणजे पेट्रोलच. ऊस फेब्रुवारीत गेला असेल तर पुढं सगळा उन्हाळा, विजेच्या तारा एकमेकीला घासून ठिणगी पडते, कोण बिडी टाकतो, कोण बांध पेटवतो. त्यामुळं चारी बाजूनं आठ दहा फूट पट्टा पाचट ओढून मोकळा ठेवायचा, तारेच्या खालची सरी पण मोकळी, आणि त्या कडेच्या सऱ्यांना पाणी आधी द्यायचं. मोकळ्या केलेल्या पट्ट्यातलं पाचट मी गोठ्यात नेतो, म्हशीखाली अंथरतो, शेणा-मुतानं भिजलं की उकिरड्यात टाकतो आणि पुढच्या लागणीला तेच खत परत रानात येतं.