पाचवी-आठवीत पोरगं नापास झालं तर काय करायचं, कोणाकडे जायचं (जळगाव-धुळे-नंदुरबारच्या पालकांसाठी)

दरवर्षी 1 मेला झेंडावंदन होतं, निकाल हातात पडतो, आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मागेपुढे गावात दोन-तीन घरी तरी रडारड असते. गेल्या वर्षी शेजारची वहिनी निकालपत्र घेऊन माझ्या ओट्यावर आली आणि म्हणे, मना पोऱ्या नापास व्हयना, आते काय करू? आधी पाणी दिलं, मग कागद पाहिला. मी आमच्या गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत चार वर्षं होते म्हणून जे माहीत झालं ते इथे लिहितेय, कारण आपल्याकडे बहुतेक पालकांना अजून असंच वाटतं की आठवीपर्यंत नापास करतच नाहीत, आणि मग एक दिवस अचानक लाल शाईचा कागद हातात येतो.

पहिले नियम समजून घ्या, नाहीतर शाळेत जाऊन नुसतं भांडण होतं आणि हातात काही येत नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, त्यात कलम 16 होतं की आठवी पूर्ण होईपर्यंत कोणालाच मागे ठेवायचं नाही. 2019 मध्ये संसदेने हे कलम बदललं. आता पाचवी आणि आठवी ह्या दोन वर्गांना वर्षाच्या शेवटी रीतसर परीक्षा, त्यात नापास झालं तर जादा शिकवणं, निकालापासून दोन महिन्यांच्या आत परत परीक्षा, आणि त्यातही नाही जमलं तरच त्याच वर्गात ठेवायचं, आणि तेही राज्य सरकारने ठरवलं तर. महाराष्ट्राने ते ठरवलं, 7 डिसेंबर 2023 चा शासन निर्णय आहे, 2023-24 च्या वर्षापासून चालू आहे. पहिली ते चौथी आणि सहावी-सातवीला हे लागू नाही, तिथे आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटचं) मूल्यमापन, अ-1 अ-2 वाल्या श्रेण्या, तेच जुनं चालू आहे. तिथे कोणी "त्याच वर्गात बसवतो" म्हणालं तर सरळ विचारा, कोणत्या नियमाने.

आता मार्कांचं. पाचवीला प्रत्येक विषय 50 मार्कांचा, आठवीला 60 चा. पास व्हायला प्रत्येक विषयात 35 टक्के, म्हणजे पाचवीला 18 आणि आठवीला 21. आणि ही गोष्ट जीव ओतून सांगतेय, सवलतीचे मार्क असतात! सगळे मिळून जास्तीत जास्त 10, एका विषयात जास्तीत जास्त 5. वहिनीच्या पोराला गणितात 14 आणि इंग्रजीत 15 होते. 4 आणि 3 मिळून 7 लागत होते, म्हणजे तो पास होत होता, पण शाळेत कोणी ते मांडलंच नव्हतं, सरळ अनुत्तीर्ण लिहून कागद दिला होता. वहिनी चौथी शिकलेली, ती काय विचारणार. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो, मुख्याध्यापकांसमोर बसून बेरीज केली, त्यांनी चूक मान्य केली आणि निकाल दुरुस्त करून दिला. तो पोरगा तोवर एक दिवस जेवला नव्हता. म्हणून निकाल मिळाला की रडायच्या आधी कागद आणि पेन घ्या आणि प्रत्येक विषयात किती कमी पडले ते लिहा.

मार्क खरंच कमी असतील तर उत्तरपत्रिका बघायला मागा. बहुतेक गुरुजी दाखवतात, गावातलेच असतात. नाही दाखवली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, सरकारी आणि अनुदानित शाळेला 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तरपत्रिका ही माहितीच आहे हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्येच सांगून ठेवलंय. पण 30 दिवस थांबलात तर पुनर्परीक्षेची तयारी राहून जाते, म्हणून आधी तोंडी विचारा आणि लगेच पुढच्या कामाला लागा.

पुढचं काम म्हणजे जादा मार्गदर्शन, आणि सगळी गोम इथेच आहे. कायद्यात नुसतं "परत परीक्षा घ्या" लिहिलेलं नाही, आधी शिकवा असं लिहिलंय. ही शाळेची मेहेरबानी नाही, जबाबदारी आहे. पण मे महिना म्हणजे आपल्याकडे 44-45 डिग्री, गुरुजी सुट्टीवर आपापल्या गावी, पोरं मामाच्या घरी, आणि शाळेच्या दाराला कुलूप. मग जून येतो, एक दिवस निरोप येतो की उद्या पेपर आहे, पोराने दोन महिने वहीला हात लावलेला नसतो, परत नापास. त्यात पोराचा काय दोष. म्हणून निकालाच्या दुसऱ्याच दिवशी लेखी अर्ज द्या, तोंडी सांगू नका, तोंडी सांगितलेलं हवेत जातं. अर्ज लांबलचक लागत नाही, एवढा पुरतो:

"मा. मुख्याध्यापक यांस. विषय: जादा मार्गदर्शन व पुनर्परीक्षेचे वेळापत्रक मिळणेबाबत. महोदय, माझा मुलगा / मुलगी इयत्ता पाचवीत असून गणित विषयात अनुत्तीर्ण आहे. शिक्षण हक्क कायदा कलम 16 नुसार जादा मार्गदर्शन कोणत्या तारखेपासून, किती वाजता, कोणते शिक्षक घेतील आणि पुनर्परीक्षा कधी आहे ते लेखी कळवावे ही विनंती. आपला विश्वासू."

दोन प्रती करा, एक त्यांना द्या, दुसरीवर तारीख, सही आणि शिक्का घेऊन घरी ठेवा. ह्याला पोच म्हणतात आणि पोच नसेल तर वर गेल्यावर तुमचं कोणी ऐकत नाही, हे मी स्वतः पंचायत समितीत उभं राहून शिकलेय.

वेळेचं तुम्हीच सुचवा. आम्ही सकाळी सात ते नऊ ठरवलं होतं, उन्हाच्या आत. एक गुरुजी पारोळ्याहून गाडीवर येत, आठवड्यातून तीन दिवस, बाकी दिवस गावातली बारावी झालेली एक पोरगी शिकवायची. गणितात अडायचं कारण शोधलं तर कळलं की पोरांना वजाबाकी-भागाकार येत नव्हता असं नाही, शाब्दिक उदाहरण वाचून काय विचारलंय तेच कळत नव्हतं. घरी दिवसभर अहिराणी, पुस्तकात छापील मराठी. त्या पोरीने तेच उदाहरण अहिराणीत सांगितलं, केळीच्या घडांची वाटणी करून दाखवली, आणि पोरं पटापट सोडवू लागली. सातपुड्यात भिलोरी, पावरी बोलणाऱ्या घरांत तर हे अंतर आणखी मोठं. गुरुजींना सांगा की समजावताना घरची बोली वापरा, पेपर मराठीत लिहू द्या. ह्यात लाजण्यासारखं काही नाही.

पुनर्परीक्षा फक्त नापास झालेल्या विषयांचीच असते, आपल्याकडे साधारण जूनमध्ये. सगळं पुस्तक परत घोकायला लावू नका पोराला.

आता शाळेने ऐकलंच नाही तर वर कसं जायचं ते. आपल्याकडे लोक एकदम आमदाराकडे जातात, तो एक फोन करतो, मुख्याध्यापक चिडतात, आणि पोरगं वर्षभर त्यांच्याच वर्गात बसतं. पायरीने जा. मुख्याध्यापकांच्या वर केंद्रप्रमुख, त्यांच्या वर बीटचे शिक्षण विस्तार अधिकारी, मग तालुक्याला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. माझ्या अनुभवात दहातली आठ कामं गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावरच मिटतात. त्याच्या पुढे जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी, जळगावला, धुळ्याला किंवा नंदुरबारला, प्राथमिकचे वेगळे आणि माध्यमिकचे वेगळे. हे वेगळेपण आपल्याकडे फार घोळ करतं कारण खेड्यातली जि.प. शाळा बऱ्याच ठिकाणी चौथीपर्यंतच असते आणि पाचवीला पोरं संस्थेच्या हायस्कूलला जातात. हायस्कूलची तक्रार असेल तर माध्यमिकच्या खिडकीवर जा, नाहीतर दिवसभर ह्या मजल्यावरून त्या मजल्यावर. नगरपालिकेच्या शाळेला प्रशासन अधिकारी असतो. आणि आश्रमशाळा असेल तर जिल्हा परिषदेत जाऊन उपयोगच नाही, ती आदिवासी विकास विभागाची, तिथे प्रकल्प कार्यालय गाठायचं, यावल, धुळे, नंदुरबार, तळोदा, जे तुमच्या भागाला लागू असेल ते. धडगावच्या डोंगरातून निघणाऱ्या माणसाचा एक दिवस आणि एक मजुरी जाते, म्हणून निघायच्या आधी कागद पूर्ण आहेत का बघा: निकालपत्र, अर्जाची पोच, आधारची झेरॉक्स.

सगळीकडून हात टेकले तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 32 आहे. मुलाच्या हक्काबद्दल लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे म्हणजे ग्रामीण भागात जिल्हा परिषदेकडे करता येते, त्यांनी तीन महिन्यांत दोन्ही बाजू ऐकून निर्णय द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. तीन महिने म्हणजे पुनर्परीक्षा निघून जाते हे खरं, पण तक्रार नोंदली गेली की शाळा पुढच्या पोराच्या वेळी नीट वागते, मी बघितलंय.

आता समितीचं, कारण खरं काम तिथे होतं आणि ते एप्रिलमध्ये करून चालत नाही, डिसेंबरमध्ये करावं लागतं. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असायलाच पाहिजेत, हे कलम 21 मध्ये आहे. मुख्याध्यापक सचिव असतात, अध्यक्ष पालकांमधला. कागदावर हे खूप छान आहे. प्रत्यक्षात बाईचं नाव लिहितात आणि मिटिंगला नवरा जातो, किंवा प्रोसिडिंग बुक घरी येतं आणि चूल फुंकता फुंकता सही होते. बायांनो, हे बंद करा, स्वतः जा. मिटिंगचा विषय आधी विचारा आणि डिसेंबरच्या मिटिंगला एवढंच म्हणा की पाचवी आणि आठवीत वाचता येत नाही अशी पोरं किती, गणितात मागे किती, त्यांची यादी वाचून दाखवा. पहिल्या सत्राची परीक्षा तोवर झालेली असते, गुरुजींना सगळं माहीत असतं. आमच्याकडे पहिल्यांदा विचारलं तेव्हा सगळे गप्प झाले, मग यादी आली, अकरा पोरं होती. जानेवारीपासून शाळा सुटल्यावर एक तास घेतला, एप्रिलमध्ये अकरापैकी तीनच राहिली. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, वाचा, मग सही करा.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी वेगळं सांगते. दिवाळीनंतर गाड्या भरून गुजरातकडे, नगरकडे माणसं जातात, नंदुरबारकडची आणि चाळीसगावच्या बाजूचीही, आणि होळीला परत येतात, तोवर पोराचं अर्धं वर्ष गेलेलं असतं आणि वर आता परीक्षा. जायच्या आधी शाळेत सांगून जा, शिक्षण हमी कार्ड मागा, ते दाखवून जिथे जाल तिथल्या शाळेत पोराला बसवता येतं. आजी-आजोबा गावात असतील तर हंगामी वसतिगृह चालू होणार का ते मुख्याध्यापकांना दिवाळीच्या आधीच विचारा, कारण मुलांची यादी आधी जावी लागते. निदान पाचवी आणि आठवीच्या वर्षी तरी पोराला मागे ठेवायची सोय बघा, माझं कळकळीचं मत आहे हे.

पोराला अक्षरं उलटी दिसतात, लिहिताना खूप चुकतो पण तोंडी सगळं सांगतो असं असेल तर ते आळशीपण नसतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता पण येते. जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून प्रमाणपत्र घ्या, परीक्षेत सवलती मिळतात. हे नापास झाल्यावर नाही, आधीच करायचं.

एक फसवणूक मात्र ओळखून ठेवा. काही ठिकाणी पालकांना हळूच सांगतात की दाखला काढून घ्या, आम्ही पास लिहून देतो, म्हणजे त्यांच्या शाळेचा निकाल चांगला राहतो. माझ्या नात्यातल्या एका घराला असं सांगितलं गेलं होतं. घेऊ नका दाखला. नापास झालं म्हणून आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही शाळेला मुलाला काढून टाकता येत नाही, 2019 च्या बदलानंतरही हे जसंच्या तसं आहे. वर्गात सगळ्यांसमोर "नापास" म्हणून उभं करणं, टोमणे मारणं हेही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये बंद आहे, मानसिक त्रास देणं म्हणतात त्याला.

आणि पुनर्परीक्षेतही नाही झालं, त्याच वर्गात बसायची वेळ आली, तर सगळ्यात जास्त लक्ष आठवीतल्या पोरींकडे द्या. पोरगा राहिला तर घरचे रागावतात आणि परत पाठवतात, पोरगी राहिली की आधी कापूस वेचायला, मग भावंडं सांभाळायला, आणि पुढच्या लग्नसराईत स्थळ. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात शाळेत जाऊन हजेरीपटावर तिचं नाव डोळ्यांनी बघून या. नसेल तर त्याच दिवशी लेखी विचारा आणि पोच घ्या. घरचेच पाठवत नसतील तर समितीतल्या दोन बायका मिळून त्यांच्या घरी जा, संध्याकाळी, बाप शेतातून आल्यावर, कारण दुपारी आई एकटी असते आणि तिच्या हातात काही नसतं.