दरी नियमात असते: आरोग्य समतेसाठी रुग्णालयांनी धोरण कसे बदलावे

रुग्णालय सगळ्यांसाठी खुले असते. तरीही काही वस्त्यांतली माणसे उशिरा येतात, उपचार अर्ध्यावर सोडतात किंवा येतच नाहीत. यावर नेहमीचा उपाय म्हणजे शिबिर, माहितीपत्रक, फिरते पथक. या कामांचा उपयोग होतो, पण निधी संपला की ती थांबतात आणि माणसाला दाराबाहेर ठेवणारा नियम जागच्या जागी राहतो. ज्यांना उपचारांची गरज सर्वांत जास्त, त्यांच्यापर्यंत चांगली सेवा सर्वांत कमी पोहोचते, हे ब्रिटिश डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये मांडले. आरोग्यातली दरी म्हणजे वस्त्यावस्त्यांतला हाच फरक. ते चित्र पालटायचे तर नियम शोधावा लागतो, बदलावा लागतो आणि बदल टिकतो की नाही हे पाहावे लागते.

आधी दरी मोजा

कामाचा आरंभ आकड्यांपासून करा, पण सरासरीपासून नको. रुग्णालयातली प्रत्येक महत्त्वाची नोंद (लसीकरण, वेळेवर निदान, चुकलेल्या भेटी, पुन्हा भरती, मृत्यू) राहण्याचा भाग, उत्पन्नगट, लिंग, भाषा आणि अपंगत्व यांनुसार वेगळी करून पाहा. वयाचा फरक आकड्यांतून काढून टाका, नाहीतर तरुण वस्ती निरोगी आणि म्हातारी वस्ती आजारी एवढेच दिसेल. लहान वस्तीत वर्षाला चार-दोनच घटना घडत असतील, तर तीन वर्षांची माहिती एकत्र करा आणि माणूस ओळखू येईल इतके छोटे आकडे उघड करू नका.

इथे सर्वांत मोठी चूक होते ती छेदात, म्हणजे प्रमाण काढताना ज्या संख्येने भागायचे त्या संख्येत. रुग्णालयाच्या नोंदवहीत जे आले तेच असतात. जे आलेच नाहीत ते तिथे सापडत नाहीत. म्हणून छेदाला रुग्णसंख्या न घेता त्या भागाची लोकसंख्या घ्या. जनगणना आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी याच कामाच्या.

दरी दोन्ही प्रकारे मोजा: फरकाने आणि पटीने. समजा एका भागात हजार जन्मांमागे ६० बालमृत्यू होते आणि दुसऱ्यात ३०. काही वर्षांनी ते ४० आणि १५ झाले. फरक ३० वरून २५ वर आला, म्हणजे दरी घटली. पट मात्र २ वरून जवळपास २.७ झाली, म्हणजे दरी वाढली. दोन्ही विधाने खरी आहेत. ज्याला जे सोयीचे ते तो सांगेल, म्हणून अहवालात दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापण्याचा नियमच करून टाका.

दरीमागचा नियम शोधा

आकडा हातात आला की त्या भागातल्या रुग्णाची वाट पहिल्या फोनपासून औषध हाती पडेपर्यंत कागदावर काढा. प्रत्येक टप्प्यावर विचारा: इथे माणूस कशामुळे गळतो, आणि हे कोणत्या नियमामुळे घडते? ‘जागृती नाही’ हे उत्तर स्वीकारू नका. दोन भेटी चुकल्या की नाव कापायचे, हा नियम आहे. बाह्यरुग्ण विभाग फक्त सकाळी चालतो, हाही नियमच. रोजंदारीवरच्या माणसाला त्यापायी दिवसाची मजुरी सोडावी लागते. पत्त्याचा पुरावा, भरतीआधीची अनामत, फक्त ऑनलाइन नोंदणी, दुभाषी नसताना घरच्या लहान मुलाकडून भाषांतर करून घेणे या सगळ्यांकडे नियम म्हणून पाहा. लिखित नियमांइतकेच ‘इथे असेच चालते’ वाले अलिखित नियमही टिपून ठेवा. ते नोंदणीच्या खिडकीवर दोन तास शांतपणे बसून पाहिले तरच कळतात.

किरकोळ शुल्काने काय बिघडते, असे अनेकदा म्हटले जाते. केनियातल्या शाळांमध्ये जंतनाशक गोळ्या मोफत असताना सुमारे ७५ टक्के मुले त्या घेत होती. थोडेसे शुल्क लावल्यावर हे प्रमाण १८ टक्क्यांवर आले. लहानशा शुल्काने माणसे गळतात आणि त्यात आधी गरिबातली गरीब गळतात, हे रुग्णालयाच्या नियामक मंडळापुढे स्पष्ट मांडा.

काही नियम यंत्रात आणि सूत्रात दडलेले असतात. अमेरिकेत जास्त काळजीची गरज असलेले रुग्ण निवडणारी एक संगणकीय पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरात होती. ती आजाराऐवजी उपचारांवरचा खर्च मोजत असे. कृष्णवर्णीय रुग्णांवर, ते तितकेच आजारी असूनही, कमी खर्च होत होता. म्हणून ते यादीत मागे पडत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की ही चूक दुरुस्त केली तर जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल. तुमच्याकडे प्राधान्य ठरवणारे कोणतेही गुणांकन असेल, तर पहिला प्रश्न विचारा: हे नेमके काय मोजते?

मूत्रपिंडाचे उदाहरण तर प्रत्येक धोरणसमितीने तपशिलात वाचावे. मूत्रपिंडाची क्षमता काढण्याच्या जुन्या सूत्रांत कृष्णवर्णीय व्यक्तीसाठी वेगळा गुणक होता. त्यामुळे रक्ततपासणीचा निष्कर्ष तोच असूनही त्यांची क्षमता जास्त दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत त्यांची प्रतीक्षा उशिरा सुरू होई. २०२१ मध्ये वंशाचा गुणक नसलेले सूत्र स्वीकारण्याची शिफारस झाली. पण तेवढ्याने आधीच मागे पडलेल्यांना काय मिळणार होते? म्हणून २०२३ पासून अमेरिकेतल्या सर्व मूत्रपिंड प्रत्यारोपण केंद्रांना यादीतले रुग्ण तपासून, हुकलेला प्रतीक्षाकाळ त्यांच्या खाती जमा करण्यास सांगण्यात आले. समतेचे धोरण लिहिताना हा भाग बहुतेकदा सुटतो. नियम पुढच्यासाठी बदलला, तर मागे झालेल्या नुकसानीचे काय करायचे, याचे कलम त्याच मसुद्यात हवे.

ज्यांच्यासाठी बदल, त्यांना निर्णयात घ्या

समितीत वस्तीचा एकच प्रतिनिधी ठेवू नका. एकट्या माणसाला दहा अधिकाऱ्यांसमोर बोलणे कठीण जाते. किमान तिघे असावेत आणि त्यांना मताचा अधिकार असावा. बैठक त्यांच्या कामाच्या वेळेनंतर ठेवा. प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि मुलांची सोय यांचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा. मसुदा त्यांच्या भाषेत, बैठकीच्या किमान आठवडाभर आधी पोहोचवा. त्यांनी केलेली प्रत्येक सूचना मान्य झाली की नाही आणि का, याचे लेखी उत्तर द्या. हे उत्तर दिले नाही की दुसऱ्या बैठकीला खुर्च्या रिकाम्या राहतात.

मसुदा नेमका लिहा

‘वंचित घटकांना प्राधान्य दिले जाईल’ या वाक्याने काहीही बदलत नाही. कोणता जुना नियम रद्द झाला, नवा नियम काय, कोणत्या तारखेपासून, कोणाला लागू, जबाबदार पद कोणते, पैसा कोणत्या खात्यातून, काय मोजायचे आणि फेरआढावा कधी, हे सगळे मसुद्यात असले पाहिजे. शुल्कमाफीचे कलम असे लिहिता येईल:

‘नोंदणी करतानाच प्रत्येक रुग्णाची शुल्कमाफीची पात्रता तपासली जाईल. पात्र रुग्णाला वेगळा अर्ज करावा लागणार नाही. पात्रता ठरेपर्यंत उपचार थांबवले जाणार नाहीत आणि वसुलीची कारवाई सुरू होणार नाही.’

यातले पहिले दोन शब्दच महत्त्वाचे आहेत: नोंदणी करतानाच. अर्ज मागितला की ज्याला वाचता येते, ज्याच्याकडे कागद आहेत आणि ज्याला विचारायला संकोच वाटत नाही, त्यालाच माफी मिळते. हक्क आपोआप लागू व्हावा आणि नाकारायचा असेल तर कारण कर्मचाऱ्याने लिहावे, अशी रचना करा. ‘प्रमुखांच्या विवेकानुसार’ हे शब्द शक्य तिथे काढून टाका.

पहिल्यांदा हात घालताना तुमच्याच अधिकारातला, सुमारे ९० दिवसांत बदलता येईल असा एक नियम निवडा. विभागप्रमुखाच्या सहीने होणारे काम नियामक मंडळाकडे नेऊ नका, आणि कायदा लागणारे काम परिपत्रकावर भागवू नका.

अंमल खिडकीवर होतो

सही झाली तरी जुना छापील अर्ज संपेपर्यंत वापरला जातो आणि संगणकातला रकाना सक्तीचाच राहतो. ठराव लागू होण्याच्या दिवशी जुने अर्ज उचला, रकाना बदला, पाटी बदला आणि नोंदणीच्या खिडकीवरच्या माणसाला नवे वाक्य बोलायला शिकवा. हे शेवटच्या पायरीवरचे कर्मचारी मसुदा लिहितानाच सोबत हवेत. नियम कुठे अडेल हे त्यांना सर्वांत आधी दिसते.

आणखी एक धोका ओळखून ठेवा. नवी सोय सगळ्यांना सारखी खुली केली की सुस्थितीतले लोक ती आधी उचलतात, आणि दरी आधी वाढून मग कमी होते. म्हणून सुरुवात मागे पडलेल्या भागातून करा. सेवा सर्वांना द्या, पण गरज जास्त तिथे मनुष्यबळ आणि पैसाही जास्त.

रुग्णालयाबाहेरचे नियम

घर, पाणी, वाहतूक, कामाच्या वेळा हे ठरवणारी खाती वेगळी असतात. सर्व धोरणांत आरोग्याचा विचार व्हावा ही भूमिका फिनलंडने २००६ मध्ये युरोपीय संघाच्या अध्यक्षपदाच्या काळात पुढे आणली, आणि २०१३ च्या हेलसिंकी परिषदेत जागतिक आरोग्य संघटनेने तिला ठोस रूप दिले. आरोग्य यंत्रणेकडे इथे दोन साधने आहेत: आकडे आणि विश्वासार्हता. एका पानाचे टिपण करा. त्यात एक नकाशा, दरीचा एक आकडा, बदलायचे कलम आणि खर्चाचा अंदाज एवढेच असू द्या. ते अंदाजपत्रक मांडल्यावर दिले तर फुकट जाते. खात्यांच्या मागण्या ठरत असतात तेव्हा द्या. संस्थेला कायदेबदलासाठी पाठपुरावा करण्यावर काही निर्बंध आहेत का, हे आधी कायदेसल्लागाराला विचारा. शिवाय रुग्णालय स्वतः मोठे खरेदीदार आणि नोकरी देणारे असते. मागे पडलेल्या भागातून भरती करणे आणि कंत्राटी सफाई कामगारांना पगारी आजारपणाची रजा देणे, यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

दर तीन महिन्यांनी तीन गोष्टी तपासा: नियम पाळला जातो का, दरी किती हलली, आणि दुसरीकडे काही बिघडले का, जसे संध्याकाळची ओपीडी सुरू केल्याने रात्रपाळीच्या परिचारिका कमी पडल्या का. नियम पाळला जात नसेल तर चूक अंमलात शोधा आणि मसुद्याला हात लावू नका. नियम नीट पाळला जाऊनही वर्षभरात दरी जागची हलली नसेल, तर नियम चुकीचा निवडला होता. अशा वेळी त्याची मुदत वाढवू नका. रुग्णाच्या वाटेचा तो कागद पुन्हा उघडा आणि गळतीच्या पुढच्या टप्प्यावर जा.